उन्हाळी आवर्तन

होळी झाली की बारामतीतल्या आमच्या आळीत दोन आवाज सुरू होतात. कोपऱ्यावरच्या रसवंतीचे घुंगरू आणि चेन्नईहून येणारे शेजारच्या अप्पांचे फोन.

फोनची वेळ सकाळी साडेसहा. त्या वेळी माणूस हमखास घरी सापडतो, हा त्यांचा पाटबंधारे खात्यातला अनुभव. 'हॅलो' नाही, तब्येतीची चौकशी नाही. पहिलाच प्रश्न, "उजनी किती?"

"असेल वीसेक टक्के," मी अर्धवट झोपेत.

"असेल म्हणजे? पेपर बंद केलास का?"

दुसरा प्रश्न पाण्याच्या टाकीचा. ती धुतली का, नसेल तर कधी धुणार, आणि धुताना तळाचा गाळ काढणार की नुसतं पाणी फिरवणार. तिसरा दुधाचा. "गायीचं अर्धा, म्हशीचं अर्धा. गुरुवारपासून पाळी सुरू कर म्हणावं." मागून माईंचा आवाज येतो, "अहो, त्याला विचारा तरी बरा आहे का." अप्पा म्हणतात, "फोन उचललाय म्हणजे बराच असणार."

अप्पा नीरा डाव्या कालव्यावर कालवा निरीक्षक होते. भाटघरचं पाणी वीरला येतं आणि तिथून हा कालवा पुरंदर, बारामती करत इंदापूरच्या शेतांपर्यंत जातो. या लांबलचक वाटेवर पाण्यासाठी भांडणारी माणसं सांभाळण्यात त्यांची उभी नोकरी गेली. निवृत्तीला वर्षं लोटली, पण बोलण्यातला कालवा काही आटला नाही. घरात पेपर वाचायच्या पाळ्या असतात, पंख्याचं आवर्तन असतं, आणि लग्नाच्या पंगतीत जिलबीवाला पहिल्या दहा पानांवरच घुटमळायला लागला की अप्पा उभे राहून ओरडतात, "अरे, टेलला आधी द्या!" टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक.

माई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. माहेर इंदापूर तालुक्यातलं पळसदेव. जुनं पळसदेव उजनीच्या पाण्याखाली गेलं. पाणी फार उतरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, तेवढीच त्याची खूण. आता अशा मुलीनं पाटबंधारे खात्यातला नवरा करावा, हा योग म्हणायचा की सूड, हे माईंनाच ठाऊक. भांडणात त्यांच्याकडे एक हुकमी पत्ता असतो : "तुमच्या खात्यानं माझं माहेर बुडवलं." त्यावर अप्पांकडे उत्तर नाही. अधूनमधून ते एक तांत्रिक खुलासा करून बघतात, "अगं, ते उजनी. मी नीरा कालव्याला होतो." तो खुलासा आजवर मंजूर झालेला नाही.

तर हे दोघं तुळशीचं लग्न लागलं की चेन्नईला मुलाकडे जातात आणि पाडव्याच्या आत परत येतात. कारण अप्पांची छाती. एका हिवाळ्यात खोकला लांबला, तेव्हा डॉक्टर सहज म्हणाले, थंडीत जरा हवापालट करा. अप्पांनी तो कायमचा शासन निर्णय समजला. वास्तविक बारामतीचं जे काही सुख आहे ते त्याच चार महिन्यांत असतं. शेकोटीभोवतीचा हुरडा, शेंगदाण्याची चटणी, हरभऱ्याचे डहाळे, कारखान्यांचा गळीत हंगाम, रस्त्यावर ट्रॉलीतून पडलेला ऊस उचलून पळणारी पोरं. नेमके त्या दिवसांत हे घराला कुलूप लावतात, आणि डांबर पायाला चिकटायला लागलं की येऊन उघडतात.

बरं, तिकडे तरी कोरडी हवा असावी! चेन्नईला पाऊस पडतो तोच मुळी आपल्या दिवाळीच्या आगेमागे, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. मुलाचं घर वेलाचेरीत, आणि तिथं पाणी साचतं हे सगळ्या चेन्नईला माहीत आहे. छाती शेकायला गेलेले अप्पा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून फाटकाशी उभे असलेले मी व्हिडिओ कॉलवर पाहिलेत. चेहरा मात्र प्रसन्न. "बघ, बघ, उतार कसा काढलाय! आमच्याकडचा साधा पाटकरी सुद्धा असा काढणार नाही." डिसेंबरात तिथला पहाटेचा पारा बावीसवर आला की इमारतीचा रखवालदार माकडटोपी घालतो. पहिल्या वर्षी अप्पा त्याला हसले. आता दोघं शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसतात, दोघांच्याही डोक्याला टोपी. रखवालदार तमिळ बोलतो, अप्पा मराठी, आणि दोघांचंही पाण्याच्या टँकरबद्दल एकमत आहे.

सून तिकडचीच. व्याही बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ, हिशेबाला चोख. अप्पांनी त्यांना उजनी समजावून सांगायला घेतली आणि तिथं दोन्ही घराण्यांचा पहिला मतभेद झाला. धरण 1980 साली पुरं झालं, पोटात 117 टीएमसी पाणी, त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणून उपयुक्त पाणी संपलं की टक्केवारी शून्याखाली मोजायची, इथपर्यंत अप्पा बरोबर पोचले. व्याही म्हणाले, पाणी आहे, दिसतंय, आणि ते उणे तीस टक्के आहे? आमच्या बँकेत असं खातं कुणी दाखवलं असतं तर मी मॅनेजरला घरी पाठवला असता. त्यानंतर दोन दिवस अप्पा कॉफीला खाली उतरले नाहीत.

माईंचं बरं जमतं. मार्गळी या तमिळ महिन्यात विहीणबाई त्यांना मायलापूरला गाण्याची कचेरी ऐकायला घेऊन जातात. अप्पाही जातात, सभागृहाच्या उपाहारगृहापर्यंत. एका वर्षी सगळे तंजावरला गेले. बृहदीश्वराच्या आवारात सरफोजीराजांनी 1803 साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून ठेवला आहे. इतक्या लांब दगडावर आपली भाषा पाहून माईंना भरून आलं. अप्पांनी तिथं दहा मिनिटं दिली. उरलेला दिवस त्यांनी कल्लणईवर, म्हणजे करिकाल चोळाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या कावेरीवरच्या त्या प्राचीन बंधाऱ्यावर काढला. उन्हात. डबा न खाता. परत आल्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्या सगळ्यांनी ते व्याख्यान ऐकलंय. "दीड-दोन हजार वर्षांचं काम, आणि अजून पाणी वळवतंय! आमच्या एका चारीचं गेट दोन पावसाळे टिकलं तर आम्ही नारळ फोडायचो."

परतीचा प्रवास गाडीनंच. मुलगा विमानाची तिकिटं काढून द्यायला दरवर्षी तयार असतो, पण विमानात खिडकीतून कालवे दिसत नाहीत. त्यामुळे रेणिगुंटा, गुंतकल, रायचूर, वाडी, सोलापूर अशी ती वाट. जाताना पिशव्यांत मालदांडी ज्वारीचं पीठ, येसूर, काकवीची बाटली. येताना कॉफीची पूड, मुरुक्कू, तिळाचं तेल, आणि दरवर्षी पितळेचा एक नवा डबरा-टंबलर. जेऊर मागे पडलं की अप्पा दारात जाऊन उभे राहतात. भिगवणच्या अलीकडे गाडी उजनीच्या पाण्यावरून जाते. तिथं ते डब्यातल्या अनोळखी माणसांना बोलावून पाणी दाखवतात आणि टक्केवारीचा अंदाज विचारतात. माई जागेवरून उठत नाहीत. "माझ्या माहेरावरून गाडी चाललीय, मी काय बघू?" एवढं बोलून काचेला नाक लावून बघत मात्र बसतात.

डिकसळ-कुंभारगावच्या त्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. कुठून कुठून माणसं मोठाले कॅमेरे घेऊन येतात. हे पक्षी यायला लागतात तेव्हा आमचे हे दोघं निघालेले असतात, आणि हे परततात तेव्हा पक्ष्यांची निघायची घाई. एका वर्षी गाडीतून अप्पांना लांबवर एक गुलाबी रेघ दिसली. दौंडला मी घ्यायला गेलो होतो, तर उतरता उतरता म्हणाले, "रोहित अजून इथंच रे! रिझर्वेशन वेटिंगला दिसतंय."

मला दौंडला जावं लागतं, कारण चार्ज माझ्याकडे असतो. जाताना अप्पा मला घराची किल्ली देत नाहीत, चार्ज देतात. आखीव कागदावर दोन प्रतींत यादी : सिलिंडर दोन, पैकी एक भरलेला. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी, खुणेपर्यंत. कढीपत्ता एक, उंची चार फूट. तुळस दोन. खाली 'चार्ज देणार' आणि 'चार्ज घेणार'. मी सही करतो. परत आल्यावर चपला काढायच्या आत तपासणी सुरू. गेल्या साली कढीपत्ता साडेतीन फूट भरला. मी म्हटलं, अप्पा, आळीतल्या चार घरांच्या फोडण्या त्याच्यावर झाल्यात. "म्हणजे अनधिकृत उपसा," ते म्हणाले आणि शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहिलं. राग मानायची सोय नाही, कारण तोपर्यंत माईंनी माझ्या हातात मुरुक्कूची पिशवी दिलेली असते.

पहिला आठवडा बारामतीत चेन्नई असते. माई दारात तांदळाच्या पिठाचं कोलम काढतात आणि आळीतल्या झाडून सगळ्या मुंग्या जेवायला येतात. अप्पा दर वाक्याला तमिळमधलं "सरी, सरी", म्हणजे "बरं, बरं", म्हणतात. भाजीवाल्यालाही. टंबलरमधून डबऱ्यात हातभर उंचीवरून कॉफी ओततात, ती निम्मी लुंगीवर. मग तिकडची स्तुती. तिकडचे लोक रांगेत कसे उभे राहतात, तिकडे भाजीवर कढीपत्ता फुकट कसा मिळतो (इथं माझ्याकडे एक कटाक्ष). आणि गंमत अशी की सून सांगते, तिकडे चार महिने यांच्या तोंडी बारामतीशिवाय दुसरं काही नसतं. समुद्र जवळच, दारात ताजा वंजीरम मासा विकायला येतो, तर माई म्हणणार, "चिलापीची सर नाही हो." भिगवणच्या चिलापीची आठवण बंगालच्या उपसागरासमोर बसून काढणारी दुसरी बाई मला तरी माहीत नाही. अप्पांचं तर विचारूच नका. इथं आल्यावर ते मुलाला रोज रात्री फोन करतात. मी एकदा ओट्यावरून ऐकलं. पहिलाच प्रश्न चेन्नईच्या तलावाचा, "चेंबरमबाक्कम किती?"

ऊन लागत नाही का, असं विचारलं तर एकच उत्तर, "घाम नाही ना!" बाहेर चाळीस, पंख्यातून झळा, पण चेन्नईहून आलेल्या माणसाला हे ऊन कोरडं, म्हणजे सात्त्विक वाटतं. मात्र कुणी "यंदा थंडी काय पडली होती!" म्हणालं की अप्पांचा चेहरा उतरतो. "हुरडा झाला?" "झाला ना." "कुणाच्या रानात?" सांगावं लागतं. "कोण कोण होतं?" तेही सांगावं लागतं. मग थोडा वेळ शांतता. "कोवळा होता?" इथं मी खोटं बोलतो. थोडा निबर होता म्हणतो. तेवढंच समाधान.

माईंचं काम वेगळं. त्यांच्याकडे शाळेतल्यासारखी एक हजेरीवही आहे. आल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी त्या ओट्यावर बसतात आणि चार महिन्यांची आळी हजर-गैरहजर करून घेतात. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची सून बाळंत झाली, कोण पुण्याला मुलाकडे गेलं, कोण कायमचंच गेलं. नंतर भेटी सुरू. सकाळी दुःखाच्या घरी, संध्याकाळी आनंदाच्या, म्हणजे साडी एकदाच बदलावी लागते. इंदापूर, निमगाव केतकी, भिगवण, नवं पळसदेव अशी फेरी होते. दुःखाच्या घरी माई फार बोलत नाहीत. शेजारी बसतात, गेलेल्या माणसाची शाळेतली एखादी आठवण काढतात, कारण निम्मे लोक त्यांचेच विद्यार्थी. "तुझ्या वडिलांना मी पाढे शिकवले. सतराचा कधी आला नाही." रडणारा माणूस त्यावर हसतो. हे चेन्नईहून फोनवर होत नाही, म्हणून आपण येतो, असं त्या एकदा मला म्हणाल्या होत्या.

मुलाला मात्र त्या वेगळं कारण सांगतात. तो दरवर्षी म्हणतो, आई, आता इथंच राहा, मे महिन्यात तरी कशाला जाता? माई म्हणतात, "आणि कुरडया? तुझ्या त्या दमट हवेत वाळतात का कधी?" यावर कुणी काही बोलू शकत नाही. अप्पांची छाती हे जायचं कारण, कुरडया हे यायचं.

त्यामुळे पाडवा झाला की आमच्या सामाईक गच्चीवर तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा वास येतो. माई पहाटे चार वाजता चीक हाटायला बसतात, आळीतल्या चार बायका मदतीला. सूर्य वर यायच्या आत गच्चीभर प्लॅस्टिकचे कागद अंथरलेले. गेल्या साली मुलगा-सूनही आले होते. सुनेनं सोऱ्या हातात घेतला आणि पहिली कुरडई गुंडाळली ती थेट मुरुक्कूसारखी. माईंनी ती बाजूला काढून "ही माझी" म्हणून ठेवली. अप्पा टोपी घालून, हातात कावळे हाकलायची काठी घेऊन देखरेखीला. त्यांचं म्हणणं, कुरडया जिन्याकडून घालत जाऊ नका. लांबच्या कठड्यापासून सुरू करा आणि मागं मागं या, म्हणजे टेलचं आधी वाळेल आणि हेडला कुणाचा पाय पडणार नाही.

चारही बायका थांबल्या. माईंनी चिकानं माखलेले हात कमरेवर ठेवले.

"तुमच्या खात्यानं माझं माहेर बुडवलं. आता कुरडया तरी सोडा."

अप्पा म्हणाले, "सरी, सरी," आणि काठी घेऊन लांबच्या कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. मला मात्र चिकाची वाटी मिळाली, वर साखर आणि दूध. कढीपत्त्याचा शेरा अजून कायम आहे.