मु. सिलिंडर नंबर दोन, पो. बॉनेट

सौ. इग्निशन कॉइलबाई यांस,



पत्रास कारण की, आपल्या कृपेने कामी आलेला दुसरा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काल आमच्या गॅरेजात खाली उतरवला. पहिला आधीच्या गॅरेजवाल्यांनी बदलला होता. त्यांच्या स्कॅनरने पी ०४२० दाखवला, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही. त्यांनी तेवढंच वाचलं, नवा बसवला आणि बिल फाडलं. त्याच कागदावर खाली पी ०३०२ छापला होता, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

तुमच्याकडे काम ते केवढं? बॅटरीचे १२ व्होल्ट घ्यायचे, त्यांचे हजारो व्होल्ट करायचे आणि प्लगला ठिणगी द्यायची. इंजिन गार असताना तुम्ही अगदी गुणाच्या. तापलं की दांडी! ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये, आणि तिथे बसलेला तो भोळा कन्व्हर्टर. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप दिलेल्या सिरॅमिकच्या जाळीवर ते सगळं पेट्रोल जळायचं. तापमान हजार अंशांच्या वर गेलं की आधी लेप निकामी होतो, मग जाळीच वितळून गोळा होते. कन्व्हर्टरसाठी व्हॅनखाली शिरून सायलेन्सर कापून नेणाऱ्या चोरांना निदान ऱ्होडियमचा भाव तरी ठाऊक असतो. तुम्ही फुकटात जाळलंत.

डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लुकलुकत होता म्हणे. स्थिर दिवा म्हणजे सवडीने दाखवा. लुकलुकणारा म्हणजे कन्व्हर्टर जळतोय, पाय उचला. मालकांनी ‘दिव्याचं कनेक्शन लूज असेल’ असा निकाल दिला. तुमचं नशीब थोर.

पुरावा हवा? घ्या. कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर, नंतर एक. पुढच्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सारखा नाचायला हवा, मागच्याचा ०.६-०.७ च्या आसपास निवांत राहायला हवा. इथे मागचाही पुढच्याच्या तालावर नाचत होता. एक्झॉस्टला गळती असली तरी असंच सोंग दिसू शकतं, म्हणून सगळे जोड तपासले, गळती नव्हती. मग पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावला. २५०० आरपीएमला काटा तीन पीएसआयच्या आत राहायला हवा. तो तीन ओलांडून वर चढतच गेला. म्हणजे जाळी तुंबलेली; गाडीचा पिकअप कुठे गेला, ते कळलं.

राहता राहिली तुमची ओळखपरेड. तुम्हाला उचलून तीन नंबरवर बसवलं, तिथलीला तुमच्या जागी. गाडी तापवली, फिरवून आणली. पी ०३०२ नाही, आता पी ०३०३! बिऱ्हाड बदललं, खोड तीच.

मालकांना कुणीतरी शहाणपण शिकवलंय की जाळी फोडून टाका, नुसतं नळकांडं ठेवा, गाडी मोकळी पळेल. पळेल, आणि मागच्या स्कूटरवाल्याच्या नाकात सगळं सोडत पळेल. शिवाय तुम्ही बॉनेटखाली तशाच. आम्ही नकार दिला. कन्व्हर्टर मारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. शिशानेही कन्व्हर्टर मरतो, म्हणून १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा करताना शिसेविरहित पेट्रोलही आणावं लागलं. त्या मारेकऱ्याला हाकलायला सरकार लागलं. तुम्हाला दहा नंबरचा पाना पुरला.

क्रम आमचा ठरलेला: आधी नवी कॉइल, नवे प्लग, इंजिन ऑइल तर खात नाही ना याची खात्री, आणि मिसिंग पूर्ण थांबल्यावरच तिसरा कन्व्हर्टर. बिलात तुमची किंमत त्याच्यापुढे चहापाण्याइतकी दिसेल. मालक तीच ओळ बघून म्हणतील, ‘एवढीशी कॉइल, तिने काय होतंय?’

तुमच्या तिघी बहिणी त्याच गाडीवर, तुमच्याच वयाच्या. त्याही बदला म्हटलं तर मालक म्हणाले, चालतायत तोवर चालू देत. चालू देत. या पत्राच्या तीन प्रती काढून ठेवल्या आहेत, फक्त सिलिंडर नंबरची जागा रिकामी आहे.

आपला,
लिफ्टखालचा मिस्त्री