इतर हक्कांचा रकाना

आपल्या मोबाईलची प्रणाली मुक्त स्रोताची आहे, सबब आपणही मुक्त आहोत, असे मानणाऱ्या गृहस्थांचा एक संप्रदाय अलीकडे करवीरनगरीत बळावला असून, सायंकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर बसून हे अँड्रॉइडधारी मुमुक्षू शेजारच्या आयफोनधाऱ्यांस बंदिवान म्हणून हिणवीत असतात. आणि ते बंदिवानही, हप्ते अद्याप फिटावयाचे असताना, आपल्या तुरुंगाच्या भिंती किती गुळगुळीत आहेत याचेच वर्णन ऐकवीत असतात. या वादात मला पक्ष नाही. मला फक्त किती वाजले ते पाहायचे असते.

ते सोपे नाही. मुक्त फोनाची कळ दाबताच प्रथम एका डोंगरावर उभे असलेले सुहास्य दांपत्य प्रकट होते आणि पाच मिनिटांत कर्ज देऊ करते. दुसऱ्यांदा दाबली तर कोण्या नटीच्या दिवाणखान्याची छायाचित्रे येतात. तिसऱ्यांदा मूळव्याधीवरील घरगुती उपाय. घड्याळ असते, नाही असे नाही. वरच्या कोपऱ्यात, चष्मा घरी विसरलेल्या माणसास दिसू नये इतक्या बारीक आकड्यांत. ते नीट पाहावे म्हणून पडद्यावरून अंगठा सरकवावा, तर तो अंगठा दांपत्याच्या अंगावर पडतो आणि कर्जाचा अर्ज उघडतो. आमच्या पूर्वजांनी सावकाराच्या कागदावर अंगठा दिला तो निदान दुष्काळात आणि पैसे मोजून घेऊन; मी मात्र सव्वासात वाजले की साडेसात, एवढ्याच जिज्ञासेपायी दिवसातून कैकदा सावकाराच्या ओटीवर जाऊन येतो. हे भित्तिचित्रांचे अ‍ॅप काढून टाकावे म्हणून सेटिंग्जमध्ये गेलो, तो तिथे ‘अनइन्स्टॉल’ हे बटणच नाही. ‘डिसेबल’ आहे, पण राखाडी रंगात, म्हणजे दिसावे परंतु दाबता येऊ नये, अशा बेताने. पुतण्याने कुठूनशी युक्ती काढून ते एकदा निजवले. पुढचे अपडेट आले आणि दांपत्य डोंगरावर पुनश्च उभे!

ही तक्रार मुक्तमार्गीयांपुढे मांडली की ते पोथी सोडतात. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचा गाभा आहे, तो १९९१ साली सिद्ध झालेल्या जीपीएल परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीने बांधलेला आहे, फोन विकणाऱ्याने त्या गाभ्याचा स्रोत मागणाऱ्यास दिलाच पाहिजे. अगदी मान्य. परंतु वरचा बहुतेक डोलारा अपाची परवान्याखाली आहे, आणि तो परवाना केलेले फेरफार उघड करण्याची सक्ती कोणावर करीत नाही. स्रोताबरोबर, बदललेली प्रणाली यंत्रात बसवण्याची किल्लीही ग्राहकास मिळावी, हे कलम २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले, आणि लिनक्सचा गाभा दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला. मोबाईलचे मोडेम चालवणारी आज्ञावली तर दोन्ही गोटांत गोशातलीच. उलट ज्या आयफोनास हे बंदिशाळा म्हणतात, त्याचा एक्सएनयू नामक गाभाही उघड प्रसिद्ध होतो! तेव्हा भांडण नक्की कशाचे?

माझ्या मते भांडण सातबाऱ्याचे आहे. पावती माझ्या नावाची, हप्ते माझे, फुटलेली काच माझी. आणि इतर हक्कांच्या रकान्यात मात्र हे दांपत्य, तहहयात वहिवाटदार म्हणून, मला न विचारता चढलेले. तलाठ्याने चुकीचा फेरफार धरला तर नोटीस तरी निघते, हरकतीस मुदत मिळते, प्रांताकडे अपील चालते, आणि तारखेच्या निमित्ताने का होईना, माणूस कचेरीबाहेर चहा पिऊन येतो. इथे दाद मागावी कोणाकडे? राखाडी बटणाकडे? माझ्या खिशात, माझ्या विजेवर, माझ्या डेटाच्या पैशांनी जाहिरात चालवणाऱ्या या निर्लज्ज घुसखोरीस ‘वापरकर्त्याचा अनुभव’ म्हणतात, आणि तिचा निषेध करावयाचा सोडून आमचे वीर परवान्यांच्या आवृत्त्या घोकीत बसतात!

संप्रदायातील एका कर्मठाने अखेर कुलूपच फोडले. बूटलोडर उघडताना नातवाच्या बारशाची सारी छायाचित्रे पुसली गेली, रात्रभर जागून निर्मळ प्रणाली चढवली, दांपत्य कायमचे हद्दपार झाले. सकाळी बँकेचे अ‍ॅप उघडले तर म्हणाले, आपले उपकरण सुरक्षित नाही, सबब सेवा बंद. परक्या सावकाराचा दलाल पडद्यावर वस्तीला होता तोवर तेच उपकरण बिनधोक होते, ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

सदर गृहस्थ आता गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर रोख सुटे घेऊन येतात. सुटे नसले की शेजारचा आयफोनवाला स्कॅन करून दोघांचे भागवतो. त्याचीही बॅटरी संपलेली असली तर गवळी वहीत मांडून ठेवतो. परवा दोघांत गोपनीयतेच्या तत्त्वावरून जुंपली असता, म्हशीच्या कासेवरून मान न उचलता तो म्हणाला, “दादा, तुमचं ते सोर्स-बिर्स ऱ्हाऊ द्या. सोमवारचं दोन पेलं कुणाच्या नावावर मांडू, तेवढं सांगा.”