मालक, चालक आणि दप्तरदार

ऑस्ट्रेलियात अवजड वाहनांच्या राष्ट्रीय कायद्यानुसार व्हिक्टोरिया राज्यात 12 टनांहून जड ट्रक तळापासून 100 किलोमीटरपलीकडे नेणाऱ्याला कामाची डायरी भरावी लागते. ग्लेन वेव्हर्लीहून जिलाँगची खेप डायरीविना होते, बेंडिगोची नाही. साध्या नोंदी मात्र दोन्हीकडे सुटत नाहीत. वेळेचे माप 15 मिनिटांचे, आणि मोठे उदार: 16 मिनिटांचे काम अर्धा तास भरते, 14 मिनिटांची विश्रांती झालीच नाही असे धरतात. इतका चोख तराजू आपल्याकडच्या वाण्यांनाही साधला नव्हता.

ट्रक स्वतःचा असला की व्यवस्था पूर्णत्वाला जाते. चालक हाच दप्तरदार. नोंदी लिहायच्या त्यानेच, स्वीकारायच्या त्यानेच, 3 वर्षे जपायच्याही त्यानेच. करखात्यासाठी डिझेलच्या पावत्या 5 वर्षे, त्या वेगळ्या.

उणीव एकच उरते. खाडाखोड दिसताच मालकाने चालकाला कारणे दाखवा नोटीस द्यावी, चालकाने लेखी खुलासा करावा आणि सुनावणी केबिनमध्येच व्हावी. ती 14 मिनिटांत आटोपली, तर चालकाच्या नावावर 15 मिनिटांचे काम चढेल. तेवढ्यात मालकाने डुलकी काढली असल्यास ती धरली जाणार नाही.