दुसरा कट्ट शकुनाचा

गोव्याचा माणूस सगळ्याच बाबतीत सुशेगाद, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्याला चाकाचा नट आवळताना पाहिलेलं नाही. डिचोलीच्या रस्त्यांवर खनिजाचे टिप्पर धावायचे तेव्हाचे क्लीनर आठवा. पान्याला हातभर पाइप लावायचा, त्यावर चढायचं आणि दोन उड्या मारायच्या. २०१२च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या, टिप्पर दारात उभे राहिले. त्यांतले काही नट अजून कुणाला दाद देत नसतील.

म्हणून मी टॉर्क पाना घेतला. मूठ फिरवून आकडा जुळवायचा. साध्या मोटारीच्या चाकाला शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास, नक्की आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. नट आधी हातानं बसवायचे, मग समोरासमोरचे आवळत जायचं. मूठ धरून संथ ओढायचं. ‘कट्ट’ वाजलं, हाताला हलका झटका बसला, की थांबायचं.

घोडं पेंड खातं ते इथंच. शंभरावर एक रुपया ठेवल्याशिवाय आपण आहेराचं पाकीट बंद करत नाही. तसा एक कट्ट कंपनीचा झाला की दुसरा शकुनाचा मारला जातोच. पेडण्याच्या माझ्या साडूनं तर तिसराही मारला, भगवतीच्या नावानं. वर मलाच म्हणाला, “पानो कंपनीचो, पूण गाडी माजी मरे!”

त्याला समजावलं, की आवळण्याच्या जोरातला नव्वद टक्के भाग घर्षणच खातं. उरलेल्या दहाएक टक्क्यांनी बोल्ट ताणला जातो, आणि चाक धरून ठेवतो तो हा ताण. मोरजी-हरमलच्या खाऱ्या वाऱ्यानं आटे गंजले, की कट्ट वेळेवर वाजतो, पण चाक हवं तेवढं धरलेलं नसतं. त्यावर कुणी तेल चोपडलं तर उलटी तऱ्हा: त्याच आकड्याला बोल्ट जादा ताणला जातो. तारेच्या ब्रशनं घासून आटे कोरडे ठेवावेत, हे उत्तम.

शेवटी मी मोपाच्या विमानतळाचा विषय काढला. म्हटलं, २०२३च्या जानेवारीपासून तुझ्या डोक्यावरून विमानं जातात, त्यांचे नट मोजूनच आवळलेले असतात. तो शांतपणे म्हणाला, “म्हणान तिकेट म्हारग!”

आता हा पाना वाड्यावर फिरतो. एकानं या पान्यानं गंजलेले नट सोडवले, दुसऱ्यानं खुंटी ठोकली. परत येतो तेव्हा आकडा वरच अडकलेला, आतली स्प्रिंग दाबलेली. अशानं पाना खोटं बोलू लागतो. तसाही तो वर्षानं किंवा पाच हजार कट्टांनी तपासून घ्यायचा असतो. आमच्या वाड्यावर पाच हजार व्हायला वर्ष लागेलसं दिसत नाही.

चाक बदललं असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. डिचोलीहून मोपाला जाऊन आलात की साधारण तेवढं होतं. पाना हवा तर माझा खुशाल न्या. फक्त नट सोडवायला दुसरा वापरा, आणि परत देताना आकडा सगळ्यांत खाली आणून द्या.