तान्हं बाळ आणि मुंबई-गोवा महामार्ग

गणपतीला मुंबईहून कोकणात मोटारीने निघालेल्या कुटुंबाचं वेळापत्रक दोघांच्या हाती असतं: तान्हं बाळ आणि माणगावची कोंडी. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण 8 ते 12 वेळा अंगावर पितं. महामार्गाच्या चौपदरीकरणाला 2011 मध्ये सुरुवात झाली. तेव्हाची तान्ही बाळं आता दाढीमिशीच्या वयाला आली आहेत. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून मुलाला पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेल्यास 1000 रुपये दंड आहे, म्हणजे पाजायला गाडी थांबवणं आलंच. जागा निवडताना पुरुषमंडळी मिसळ बघतात, आई आडोसा. निकाल बहुधा मिसळीच्या बाजूने लागतो. मग काचांना ओढण्या लावून मागच्या सीटवर पाजणं, पाठीवर थोपटून ढेकर काढणं, आणि गाडी हलताच पुन्हा भोकाड. एसटी स्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष असतात. मूळ हिरकणी बाळासाठी रात्री रायगडाचा कडा उतरली, अशी आख्यायिका आहे. तिला वाटेत खड्डे लागल्याचा उल्लेख नाही. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीही लागत नाही, पण शेजारी बसलेल्या आत्याबाईंनी पेणपासूनच ग्राइप वॉटरची बाटली उघडून ठेवलेली असते.