पाव दरातले निरोप

इंटरनेट घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी, युनिक्सवर चालणाऱ्या दोन संगणकांना एकमेकांकडे फाइल धाडायची असली की ते सरळ फोन करत. साधा, तारेवरचा, महिन्याअखेरी बिल येणारा फोन. बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी १९७६च्या सुमारास ही सोय लिहिली; १९७९मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर ती जगभर गेली. नाव यूयूसीपी. आपल्याकडे १९८६-८७मध्ये जुहूच्या एनसीएसटी या संस्थेची आणि पवईच्या आयआयटीची ई-मेलशी ओळख झाली तीही याच वाटेने.

या कारभाराचा जीव एका वहीवजा फाइलीत असे. ‘सिस्टिम्स’ तिचं नाव. ओळीओळीला एकेक शेजारी: कोण, कधी, किती वेगाने, कुठल्या नंबरावर, आणि पलीकडून उचलल्यावर बोलायचं काय. मला त्यातला ‘कधी’चा रकाना फार आवडतो. तिथे ‘एनी’ लिहिलं की केव्हाही. पण शहाणा व्यवस्थापक कामाच्या दिवशी रात्री अकरा ते सकाळी आठ असं काहीतरी लिही, कारण तेव्हा फोन स्वस्त. आपल्याही एसटीडी बूथवर रात्री अकराच्या पाव दरासाठी रांग लागायची. काचेच्या खोक्यातला माणूस लाल आकड्यांकडे बघत “बरं, ठेवतो मग” म्हणायचा आणि मुख्य गोष्ट त्यानंतर सांगायला घ्यायचा. यंत्रं निदान मुद्द्याचं आधी बोलत.

याच रकान्यात ‘नेव्हर’ही लिहिता येई. म्हणजे आपण होऊन फोन करायचा नाही. त्यांचा आला तर मात्र घ्यायचा. ओळ पुसून टाकायची नाही, कारण ती पुसली तर पाहुणा दारात आला तरी ओळख पटणार नाही. अशी दोन-चार नावं कुणाच्या वहीत नसतात?

मग संभाषणाची संहिता. सुरुवातीलाच रिकामी अवतरणचिन्हं: कशाचीही अपेक्षा ठेवू नकोस. त्यानंतर पलीकडून ‘लॉगिन’ ऐकू येण्याची वाट पाहायची, पण शब्द लिहायचा तो पहिलं अक्षर गाळून. कुणी ते अक्षर मोठ्या लिपीत पाठवी, कुणी लहान, आणि खरखरत्या तारेत पहिलं अक्षर वाहूनही जाई. तेवढंही ऐकू आलं नाही, तर नुसतं एंटर दाबून पुन्हा कान द्यायचा. ऐकू कमी येणाऱ्या आजोबांशी घरातली शहाणी सून बोलते, तितक्या समजुतीने हे चाले.

पत्ता म्हणजे तर अख्खी वाटच: आधी हे यंत्र, मग ते, मग त्याच्या शेजारचं. इलिनॉयमधल्या ‘आयएचएनपी-४’ या सगळ्यांच्या ओळखीच्या यंत्रापासून पुढे कसं यायचं, एवढंच कितीजण सांगत. दोन नावांच्या मधे उद्गारचिन्ह, जणू इथवर पोचलो याचंच आश्चर्य. आणि ते रास्तच. रात्रीरात्रीने पुढे सरकणाऱ्या निरोपाला कधी आठवडाही लागे.

सगळं देऊन-घेऊन झालं की निरोप घेण्याचीही रीत होती. फोन करणारा सहा वेळा ‘ओ’ म्हणे, आणि घेणारा सात वेळा. तो सातवा ‘ओ’ यजमानाचा, दारापर्यंत सोडायला आल्यासारखा. काही यंत्रं मात्र दोन्हीकडून सहाच ‘ओ’ म्हणून मोकळी होत. त्यांच्याही फाइली बिनबोभाट पोचत, पण मी नंबर लिहून ठेवला असता तो सातवाल्यांचा.