लष्कराच्या भाकऱ्या

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा माणूस आपल्याकडे वेडा ठरतो. मला अशाच काही वेड्यांची स्तुती करायची आहे, आणि ती मनापासून आहे. हे वेडे ग्रंथपाल आहेत. आपल्या ग्रंथालयाचा ई-संसाधनांचा सगळा कारभार त्यांनी इतर ग्रंथालयांच्या कारभारात मिसळू दिला.

शहाण्यांची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. छापील पुस्तक एकदा विकत घेतलं की आपलं झालं. ई-जर्नल बहुधा भाड्याने मिळतं. त्याची वर्गणी ठरावीक मुदतीची असते आणि करारात बारीक अटी असतात. लेखाची प्रत दुसऱ्या ग्रंथालयाला पाठवता येते का? बाहेरून आलेल्या वाचकाला वाचू द्यायचं का? वर्गणी थांबली तर जुने अंक राहतात की तेही जातात? ही उत्तरं करारांतून, ईमेलमधून वेचून एक्सेलमध्ये भरायला दिवस जातात. इतक्या मेहनतीने जमवलेलं दुसऱ्याला आयतं का द्यावं? एकट्या ग्रंथालयाचा हिशेब मांडला तर देऊ नये, असंच उत्तर येतं.

अमेरिकेतल्या ऑर्बिस कॅस्केड अलायन्स या ग्रंथालय-संघाने हा हिशेब बाजूला ठेवला. ऑरेगन, वॉशिंग्टन आणि आयडाहो या राज्यांतली ३७ शैक्षणिक ग्रंथालयं २०१३ ते जानेवारी २०१५ या काळात चार तुकड्यांनी ‘अल्मा’ या एकाच ग्रंथालय-व्यवस्थापन प्रणालीवर आली. त्यांत वॉशिंग्टन विद्यापीठासारखं अवाढव्य ग्रंथालय होतं, तशी लहान कॉलेजंही होती. छापील आणि ई, दोन्हींचा कारभार एका जागी आला. ग्रंथाची नोंद सामायिक झाली आणि प्रत्येकाचा साठा तिलाच जोडला गेला. अशा नोंदीत एकाने केलेली दुरुस्ती सगळ्यांना मिळते आणि एकाने केलेली चूकही सगळ्यांना भोगावी लागते. म्हणून नियम एकत्र बसून ठरवावे लागतात आणि वर्षानुवर्षं जपलेल्या आपापल्या पद्धती सोडाव्या लागतात. प्रणाली पैसे मोजून मिळते. ‘आमच्याकडे असंच करतात’ हा हट्ट सोडण्याची तयारी मात्र विकत मिळत नाही. या वेडेपणातला सर्वांत मोठा त्याग मला तोच वाटतो.

असे वेडे आधीही होते. ई-संसाधनाबद्दल नेमकी कोणती माहिती नोंदवायची, याचा बारीक आराखडा डिजिटल लायब्ररी फेडरेशनच्या गटाने २००४ साली अहवालात मांडला आणि सर्वांसाठी खुला केला. नोत्र दाम विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ई-संसाधनांच्या कारभारासाठी ‘कोरल’ ही प्रणाली स्वतःसाठी घडवली आणि कोणीही फुकट वापरावी म्हणून तिचा कोड मोकळा केला. कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २०११ साली जाहीर केलं की वर्गणीचा दर गुप्त ठेवण्याची अट असलेल्या करारावर आम्ही यापुढे सही करणार नाही. दर झाकलेला राहिला की फायदा विकणाऱ्याचा होतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

या वेडाचं फळ वाचकाला मिळतं. एखादं जर्नल एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेलं की जुने दुवे सगळीकडेच तुटू शकतात. वेगवेगळ्या यंत्रणा असतील तर प्रत्येक ग्रंथपाल तेच तुटलेलं पुन्हा जोडत बसतो. सामायिक यंत्रणेत एकाने जोडलं की सगळ्यांचं जुळतं. ज्या लहान कॉलेजात ई-संसाधनांसाठी वेगळा माणूस नाही, तिथल्या विद्यार्थ्यालाही मोठ्या विद्यापीठातल्या जाणकाराच्या मेहनतीमुळे लेख उघडून मिळतो.

धोकाही खरा आहे. सगळे एका कंपनीच्या प्रणालीवर गेले की ती सोडणं अवघड होतं आणि ती बंद पडली की सगळ्यांचंच काम अडतं. म्हणून बाहेर पडताना आपली माहिती आपल्याला परत मिळेल, ही अट करारात आधीच घालून घ्यावी. एवढी सावधगिरी वेड्यांनीही ठेवावी.

आपल्याकडे ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेने २०२५ पासून वर्गणी एकत्र केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था एवढा तिचा पसारा आहे, आणि समन्वय गांधीनगरचं इन्फ्लिबनेट करतं. ही फार मोठी गोष्ट झाली. पण पैसा एकत्र आला म्हणून माहिती एकत्र येत नाही. योजनेबाहेर आपण स्वतःच्या पैशांनी जे घेतो, त्याच्या अटी, मुदती आणि वापराचे आकडे शेजारच्या कॉलेजालाही दिसायला हवेत. त्यासाठी महागडी प्रणाली येण्याची वाट पाहू नये. एकाच विद्यापीठाशी संलग्न दोन कॉलेजांना एका सामायिक तक्त्यापासून आरंभ करता येईल. पुढाकार मात्र दोघांतल्या मोठ्या ग्रंथालयाने घ्यावा, कारण हिशेबाने पाहिलं तर जास्त तोटा त्याचाच आहे.